डग्ग्याचा हात

तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी चार मात्रा डग्गा गप्प असतो. नवव्या मात्रेवर खाली येते तेव्हा तिथला 'धा' अजून घुमत असतो. दहावीपासून तेरावीपर्यंत उजव्या हाताचे 'तिं' आणि 'ता' एकटे चालतात आणि चौदाव्या मात्रेला डावा हात पुन्हा उघडतो. डोळे मिटून गाणाऱ्या गवयाला आवर्तनात आपण कुठं आहोत हे कळतं ते बरंचसं या चार मात्रांच्या रितेपणामुळे. भजनी ठेक्यातही हेच घडतं, केरव्यातही. आपल्या तालाची बांधणी खर्जाच्या असण्यावर जेवढी उभी आहे तेवढीच त्याच्या नसण्यावर आहे. बेस गिटारच्या टोनबद्दल मला जे म्हणायचं आहे त्याची सुरुवात इथून होते, हे कदाचित चमत्कारिक वाटेल. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांपासून दादरच्या सरावाच्या खोल्यांपर्यंत टोनची चर्चा सहसा दुसऱ्या टोकाने सुरू होते: पिकअप कुठला, अॅम्प्लिफायर किती वॉटचा, तारा कुठल्या कंपनीच्या, खर्जाची कळ कुठवर फिरवायची. या गोष्टी निरर्थक नाहीत, त्यांच्याकडे पुढे येतोच. पण खर्जाचा टोन हा मुख्यतः हाताचा प्रश्न आहे, आणि त्यातही स्वर थांबवणाऱ्या हाताचा, असं मला ठामपणे वाटतं. गिरगाव-परळ-लालबागच्या कानांना ही गोष्ट बेस गिटार मुंबईत येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

डग्ग्याकडे जरा नीट पाहू. तबल्याची शाई मधोमध असते, डग्ग्याची एका बाजूला सरकवलेली. त्यामुळे शाईच्या एका अंगाला मैदानाचा रुंद पट्टा मोकळा राहतो आणि तिथं मनगट टेकतं. बोटांचा आघात झाल्यावर मनगट पुढं दाबत नेलं की कातडं ताणलं जातं, स्वर चढतो. दाब सैल केला की उतरतो. बोट चटकन उचललं तर 'घे' घुमत राहतो, पंजा कातड्यावर तसाच ठेवला तर 'के' होऊन आवाज जागच्या जागी संपतो. कातडं तेच, भांडं तेच, आणि बदललं काय, तर आघातानंतर हातानं काय केलं एवढंच. माहीममध्ये वाढलेल्या झाकीर हुसेन यांच्या डग्ग्यातून ओळखू येईल अशी सुरावट निघायची, ती सगळी या मनगटाची करामत होती. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं होतं की शाईच्या वजनामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर एरवीच्या ढोलासारखे विस्कळीत न राहता मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात. म्हणजे चामड्याच्या वाद्याला स्वर देण्याचं काम कारागीर करतो. त्या स्वराला आयुष्य किती द्यायचं, हे मात्र वाजवणारा ठरवतो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा थर थापतात, त्यातही हाच विचार आहे. कणीक जास्त झाली तर स्वर खाली बसतो आणि जड होतो, कमी पडली तर पोकळ वाजतो. बैठक संपली की ती खरवडून काढायची, पुढच्या वेळी नव्यानं लावायची. परळ-लालबागच्या चाळींत गिरणी कामगारांची जी भजनी मंडळं कोकणातून आपली परंपरा घेऊन आली, त्यांतला पखवाजी बसायच्या आधी कणकेशी पाच-दहा मिनिटं खेळत असतो तेव्हा तो टोन शोधत असतो. त्या दिवशीची हवा, गाणाऱ्याची पट्टी आणि समोरची जागा यांच्या हिशेबानं शोधत असतो, हे विशेष.

आता बेस गिटार. लिओ फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. पाठीवर वागवावा लागणारा डबल बेस खांद्यावर आला, आणि दांडीवर पडदे आल्यामुळे स्वर बोटाच्या अंदाजावर सोडावा लागेना. वाजणाऱ्या तारेची लांबी ३४ इंच, सर्वांत जाड मोकळ्या तारेचा स्वर ४१.२ हर्ट्झ. या लांबलचक तारेवर कुठं छेडायचं हाच टोनचा पहिला निर्णय. तार तिच्या लांबीच्या बरोबर चौथ्या हिश्शावर छेडली तर चौथा आणि आठवा उपस्वर उमटतच नाही, कारण त्यांचे निस्पंद बिंदू तिथंच असतात. घोडीकडे सरकावं तसे वरचे उपस्वर वाढतात, आवाज कडक आणि बोलका होतो. दांडीकडे सरकावं तसा मूळ स्वर जाड होतो, पण कडा बोथटतात. हात दोन इंच हलला की जे घडतं ते अॅम्प्लिफायरची कळ फिरवून घडत नाही, कारण कळ फक्त आलेल्या उपस्वरांना कमी-जास्त करते. मुळात जो उपस्वर जन्मलाच नाही तो ती आणणार कुठून? नंतर बोट. तर्जनी आणि मधलं बोट आलटून पालटून वापरलं तर गोल आवाज, प्लेक्ट्रमनं टोकदार, अंगठ्यानं आपटून आणि बोटानं खेचून वाजवलं तर जवळजवळ तालवाद्याचा. आणि मग शिकवण्यांमध्ये ज्याला सर्वांत कमी वेळ मिळतो तो भाग: डाव्या हाताचं बोट तारेवरून न उचलता फक्त दाब काढून घेणं, म्हणजे स्वर तिथंच मिटतो, उजव्या हाताच्या तळव्याची कड घोडीजवळ टेकवून स्वराची शेपटी छाटणं, आणि वाजणाऱ्या एका तारेपेक्षा न वाजणाऱ्या तीन तारांना अधिक जपणं, कारण त्या आपसूक थरथरतात आणि सगळ्या स्वरांखाली एक धूसर गुंजन पसरवून ठेवतात. आपला टोन मळकट आहे अशी ज्यांची तक्रार असते, त्यांच्या मळकटपणाचं मूळ बहुतेक वेळा या तीन तारांत असतं, असं माझं मत आहे.

याला डेट्रॉइटहून एक भक्कम पुरावा मिळतो. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमरसन उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी, वापरायचा. तारा जुन्या झाल्या तरी तो बदलत नसे, आणि घोडीवरच्या झाकणाखाली फोमची पट्टी असे. कंपनानं फार काळ टिकू नये याचीच ही तजवीज. इतका आखूड, दबका स्वर घेऊन त्यानं जे वाजवलं ते आजही बेस शिकणाऱ्याला पाठ करावं लागतं. तारेचा घुमारा कमी केल्यामुळे त्याला जास्त स्वर वाजवायला जागा मिळाली. तबलजीला यात नवं काही वाटणार नाही. द्रुत लयीत डग्गा उघडा सोडून चालत नाही, हे त्याला पहिल्या वर्षीच कळतं.

इथं एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. डग्गा तालवाद्य आहे, बेस गिटार स्वरवाद्य. पाश्चात्त्य संगीतात बेस स्वरसंघाचा पाया सांगतो, कोणत्या कॉर्डवर गाणं उभं आहे ते ठरवतो, आणि आपल्या रागसंगीतात तशी कॉर्डच नाही. मग डग्ग्याकडून बेसवाल्यानं शिकावं ते काय? आपल्याकडे पायाचं काम तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेनं केलं, आणि ती तर कधीच थांबत नाही. आक्षेप खरा आहे. पण याच शहरात एक असं ठिकाण होतं जिथं दोन्ही कामं एका वाद्याला एकाच वेळी करावी लागली. ते म्हणजे चित्रपटगीतांचं ध्वनिमुद्रण. ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा व्ही. शांतारामांनी १९४२ मध्ये परळला उभं केलेलं राजकमल, अशा ठिकाणी साठ-सत्तरच्या दशकांत वाद्यवृंद बसायचा, त्यात गोव्याहून आलेले, स्वरलिपी वाचणारे वादक मोठ्या संख्येनं असत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या गावांच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, गिरगावला लागूनच धोबी तलावच्या जेर महालात होत्या. आधी डबल बेस होता, नंतर बेस गिटार आली; राहुल देव बर्मन यांच्या वादकमेळ्यात टोनी वाझ यांची बेस होती. या वादकापुढे प्रश्न असा होता की कागदावर कॉर्ड लिहिलेली आहे आणि शेजारी तबला, ढोलक किंवा ढोलकी वाजते आहे. ढोलकाचं डावं तोंड आणि डग्गा साधारण त्याच खालच्या पट्ट्यात बोलतात जिथं बेस बोलते. दोघांनीही आपापले स्वर लांबवले तर खाली गाळ साचतो आणि गायकाचा आवाज त्यावर तरंगत राहतो, उभा राहत नाही. अशा गाण्यांत बेसला कॉर्डचा मूळ स्वर सांगून बाजूला व्हावं लागतं आणि ढोलकाच्या मींडेला वाट द्यावी लागते. बेस तिथं स्वरवाद्य राहतेच, फक्त तिचा शेवट ठेका ठरवतो. म्हणून तानपुऱ्याचं उदाहरण इथं लागू पडत नाही. तानपुरा अखंड वाजू शकतो कारण त्याचा स्वर बदलत नाही. बदलणाऱ्या खर्जाला दोन स्वरांमध्ये हवा लागते, नाहीतर मागचा स्वर पुढच्याच्या पायात येतो.

त्या स्टुडिओंतल्या बेसबद्दल आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ती गाणी लोकांनी ऐकली कशावर? विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली, आणि चाळींच्या गॅलऱ्यांतून, हॉटेलांच्या गल्ल्यांवरून, गिरणीच्या फाटकाबाहेरच्या पानाच्या गादीवरून जो आवाज यायचा तो छोट्या स्पीकरचा. ट्रान्झिस्टरचा तळहाताएवढा स्पीकर दीड-दोनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर काढत नाही. ४१ किंवा ५५ हर्ट्झचा मूळ स्वर त्यातून येणं शक्य नव्हतं. तरीही बेस ऐकू येत होती, आणि ती खालचीच वाटत होती. याचं कारण कानाच्या आणि मेंदूच्या व्यवहारात आहे: ११०, १६५, २२०, २७५ असे उपस्वर एकत्र कानावर पडले की त्यांच्यातलं समान अंतर ओळखून मेंदू ५५चा स्वर स्वतः भरून घेतो, तो प्रत्यक्षात वाजलेला नसला तरी. म्हणजे रेडिओवर पोचणारी बेस ही उपस्वरांची बेस होती. कळ फिरवून खालचा भाग फुगवणाऱ्या वादकाचा स्वर त्या स्पीकरातून गायबच झाला असता. घोडीकडे सरकून, तारेला कड देऊन वाजवणाऱ्याचा पोचला. आज मोबाइलच्या स्पीकरवर गाणं ऐकणाऱ्या पिढीच्या बाबतीत हे जसंच्या तसं लागू आहे, आणि तरी टोन शोधताना लोक सर्वांत खालच्या कळेशी झटत असतात.

सामग्रीचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. गुळगुळीत वेटोळ्याची तार आणि खरबरीत वेटोळ्याची तार यांत फरक आहेच, तो बोटानं भरून निघत नाही. पडदे काढून टाकलेल्या बेसवर स्वर सरकतो तो पडद्यांच्या बेसवर सरकणार नाही. जॅको पास्टोरियसनं सत्तरच्या दशकात बिनपडद्याच्या बेसला जी गाती वाणी दिली तिच्यात त्या वाद्याचा वाटा आहे. पण त्याचा उजवा हात घोडीजवळच्या पिकअपवर असायचा हेही त्याच वाक्यात सांगावं लागतं. सामग्री मर्यादा आखून देते आणि त्या मर्यादेच्या आतली सगळी जमीन हाताची असते. याचं सर्वांत विलक्षण उदाहरण मुंबईतलंच आहे, आणि त्यात तर हात जवळजवळ नव्हताच. १९८१ मध्ये रोलँड कंपनीनं टीबी-३०३ नावाचं एक यंत्र काढलं. बेसवादक मिळाला नाही तर त्याच्या जागी वाजावं, ही अपेक्षा. यंत्र त्या कामात सपशेल फसलं. त्याचा आवाज कुणालाही खऱ्या बेससारखा वाटेना. चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं गिटार आणि बेस वाजवलेल्या चरणजित सिंग यांनी मात्र ते घेतलं आणि १९८२ मध्ये ते वापरून दहा रागांची तबकडी केली. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. बेसची नक्कल करू पाहणाऱ्याला ती अडचण वाटली असेल. भैरव आणि ललत ज्याच्या कानात आहेत त्याला तिथं मींड दिसली. पाच वर्षांनी शिकागोमध्ये याच यंत्रातून अॅसिड हाउस जन्माला आलं, आणि ही तबकडी २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले. यंत्र दोन्हीकडे सारखंच होतं. मला यातून दिसतं ते असं: दोन स्वरांच्या मधलं काय करायचं हे ज्याला माहीत आहे, त्याला नाकारलेल्या यंत्रातूनही टोन सापडतो.

सामग्रीपेक्षाही ज्याच्याकडे कमी लक्ष जातं ती खोली. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. गिरगावच्या जुन्या चाळींत याहून फार मोठी जागा क्वचितच. दोन भिंतींमधलं अंतर दहा फूट असेल तर त्यांच्यात सुमारे ५६ हर्ट्झची लाट ठाण मांडून बसते, आणि बेसच्या दुसऱ्या मोकळ्या तारेचा स्वर आहे ५५. त्या खोलीत तो स्वर भिंतीजवळ ऐकला तर फुटेल असा घुमतो, मधोमध बसून ऐकला तर जवळजवळ नाहीसा होतो. वाजवणारा समजतो वाद्यात दोष आहे. मग तो कळा फिरवतो, मग तारा बदलतो, मग वाद्य बदलतो. स्टूल दोन फूट सरकवलं असतं तरी निदान कळलं असतं की दोष कुणाचा. अशा खोलीत हाताचंच शिक्षण उपयोगी पडतं: जो स्वर घुमतो तो आखूड करायचा, जो बुडतो त्याला घोडीकडून कड द्यायची. पखवाजी समोरची जागा पाहून कणकेचा थर कमी-जास्त करतो तेव्हा तो नेमका हाच हिशेब करत असतो.

शेवटचा आक्षेप लालबागचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आनंदाच्या बाजूनं येतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत छातीत धडधडणारा खर्ज हवाच असतो. तिथं बारकाव्याचं काय काम, मोठा आवाज हाच तिथला टोन, असं म्हणणारे थोडे नाहीत. खर्ज अंगाला लागला पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. त्याला शास्त्राचाही आधार आहे: मंद आवाजात मानवी कान खालच्या स्वरांना फार कमी दाद देतो. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो तितका वाटायला ४० हर्ट्झच्या स्वराला ८० डेसिबलच्याही वर जावं लागतं. कानाचा हा कल फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजला. म्हणून आवाज वाढवला की खर्ज भरदार झाल्यासारखा वाटतो, आणि भरदारपणा आवाजातून येतो असा समज होतो. पण ढोल ऐका. टिपरू पडतं, छाती हलते, आणि पुढच्या घावाच्या आत तो आवाज बराचसा विरलेला असतो. दुसऱ्या तोंडावरची थाप त्या मोकळ्या जागेत पडते, ताशा तिथं बोलतो. बेंजो पार्टीतही बेंजोच्या तारेची सुरावट रस्ताभर ऐकू येते ती ढोलकी आणि हलगी तिला जागा सोडतात म्हणून. स्पीकरच्या भिंतीतून येणारा यंत्राचा खर्ज ही जागा सोडत नाही. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते; ती कोपऱ्यावरून वळते, इमारतींना वळसा घालते, तीन गल्ल्या पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचते, आणि तिथं ठेका, सुरावट, शब्द यांतलं काहीच पोचलेलं नसतं. नुसता दाब पोचतो. त्याला संगीत म्हणून जे द्यायचं होतं ते वाटेत गळून गेलं.

आणि आपला कायदा हा दाब नीट मोजतही नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, पण मोजमाप ए-भारित डेसिबलमध्ये ठरवलं. ते मोजमाप ५० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३० डेसिबल वजा करून आकडा दाखवतं, कारण ते मंद आवाजात कान जसा ऐकतो त्यावर बेतलेलं आहे. रस्त्यावरचा खर्ज मंद नसतो. खिडकीची तावदानं थरथरत असताना मीटरवरचा आकडा त्यामानानं सौम्य दिसतो तो त्यामुळे. खालच्या स्वरांना जवळजवळ पूर्ण मोजणारं सी-भारित मापन त्याच मीटरमध्ये बहुधा एका बटणावर असतं. पोलिसांनी आणि मंडळांनी मिरवणुकीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी नोंदवावेत, एवढं तर येत्या अनंत चतुर्दशीलाही करता येईल. दोन आकड्यांतली तफावत जितकी मोठी, तितका त्या आवाजात नुसता दाब जास्त. आणि मंडळाच्या ध्वनियोजकानं आपल्याच पथकातल्या ढोलवाल्याला शेजारी उभं करून विचारावं की दोन घावांच्या मध्ये तू किती जागा ठेवतोस, आणि यंत्रातल्या खर्जाचा प्रत्येक ठोका तेवढ्या अंतरात मिटेल असा कापून घ्यावा.